चार वर्षांचं काम, एका नजरेचा फैसला: छोट्या गेमचं नशीब थंबनेल कसं ठरवतं?

फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर. वर्षातून तीनदा 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात नेक्स्ट फेस्ट नावाची जत्रा भरते. बाजारात न आलेल्या गेम्सचे डेमो आठवडाभर फुकट खेळायला मिळतात. अलीकडे एकेका जत्रेत दोन हजारांच्या घरात डेमो असतात, कधी त्याहूनही जास्त. कुणीही सगळे खेळून बघत नाही. लोक पान खाली सरकवत राहतात, एखाद्या चित्रापाशी अंगठा किंवा माउस थांबतो आणि मग क्लिक होतं. बाकीचे गेम नुसते सरकून जातात.

त्या सरकून गेलेल्यांमध्ये असे गेम असतात, ज्यांच्यावर एखाद्याने नोकरी सोडून तीन-चार वर्षं घालवलेली असतात. गेम वाईट होता म्हणून लोकांनी तो नाकारला असं म्हणायलाही जागा नसते, कारण तो कुणी बघितलेलाच नसतो. त्यांनी बघितलं ते एक लहानसं चित्र. स्टीमच्या भाषेत त्याला 'कॅप्सूल' म्हणतात, आपण थंबनेल म्हणू. या चित्राभोवती आता स्वतंत्र चित्रकारांचा व्यवसाय उभा राहिलाय, दुकानाचे नियम आलेत आणि वादही होतायत.

फळी तीच, माल शंभरपट

स्टीम हे अमेरिकेतल्या 'व्हॉल्व्ह' कंपनीचं दुकान. ते 2003 मध्ये सुरू झालं. सुरुवातीला तिथे जागा मिळणंच अवघड होतं. 2012 मध्ये 'ग्रीनलाइट' आलं. खेळाडूंनी मतं द्यायची आणि पसंतीस उतरलेला गेम दुकानात घ्यायचा, अशी ती पद्धत. 2017 मध्ये तीही बंद झाली आणि 'स्टीम डायरेक्ट' सुरू झालं. आता 100 डॉलर, म्हणजे साधारण साडेआठ-नऊ हजार रुपये भरले आणि कागदपत्रं व तपासणी पार पडली की कुणालाही आपला गेम विकायला ठेवता येतो. गेमने 1,000 डॉलरची कमाई केली की ते 100 डॉलर परतही मिळतात.

दार उघडल्यावर गर्दी व्हायचीच. एकट्या 2024 या वर्षात स्टीमवर 18 हजारांहून जास्त गेम आले. दिवसाला सरासरी पन्नास. यातले बहुतेक 'इंडी' आहेत, म्हणजे मोठ्या प्रकाशकाच्या पैशाशिवाय एकट्या-दुकट्याने किंवा चार-पाच जणांच्या टीमने बनवलेले.

इंडी डेव्हलपरकडे जाहिरातीला पैसे नसतात. टीव्हीवर जाहिरात नाही, होर्डिंग नाही, क्रिकेटपटू नाही. दुकानाच्या फळीवर मिळालेली काही पिक्सेलची चौकट हीच त्याची जाहिरात. ती चौकट मात्र मोठ्या कंपन्यांनाही तेवढीच मिळते. शेकडो कोटींचा गेम आणि पुण्यातल्या दोन खोल्यांत बनलेला गेम शोधयादीत एकाखाली एक, एकाच मापात दिसतात. इतकी समता या धंद्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

माणूस किती वेळ बघतो?

याचा एक चांगला अंदाज गेमच्या नाही, तर नेटफ्लिक्सच्या जगातून मिळतो. नेटफ्लिक्सने 2014 मध्ये आपल्या प्रेक्षकांचा अभ्यास केला आणि दोन वर्षांनी त्याचे निष्कर्ष सांगितले. काय बघायचं हे शोधताना लोकांचं 82 टक्क्यांहून जास्त लक्ष चित्रांवर असतं आणि एका शीर्षकावर ते सरासरी 1.8 सेकंद घालवतात, असं त्यात दिसलं. वर्णन, कलाकार, रेटिंग हे सगळं नंतर येतं.

नेटफ्लिक्सच्या प्रेक्षकाने महिन्याचे पैसे आधीच भरलेले असतात. चुकीच्या सिनेमावर क्लिक केलं तरी त्याचं फार काही जात नाही. स्टीमवर पैसे अजून खिशात असतात, त्यामुळे बघणारा जास्तच चोखंदळ असतो.

चित्र सुंदर आहे, पण गेम कसला आहे?

नवे डेव्हलपर इथे सर्वाधिक चुकतात. गेमची गोष्ट त्यांच्या डोक्यात इतकी भिनलेली असते की थंबनेलमध्ये ते त्या गोष्टीचं पोस्टर काढतात. धुक्यात पाठमोरी उभी असलेली एक मुलगी, दूरवर डोंगर, वर नाजूक अक्षरात नाव. चित्र देखणं असतं. पण हा गेम कोडी सोडवायचा आहे, लढाईचा आहे, भुताटकीचा आहे की शेतीचा? ज्याला शेतीचे गेम आवडतात तो का थांबेल?

गेमचं मार्केटिंग शिकवणारे ख्रिस झुकोव्स्की कित्येक वर्षं हेच सांगत आलेत. कॅप्सूलने सर्वांत आधी प्रकार सांगितला पाहिजे आणि ती काढून घेण्यासाठी व्यावसायिक चित्रकाराला पैसे द्यायला हवेत, असा त्यांचा आग्रह असतो. दुसरा मुद्दा पैसेवाल्यांचा वाटू शकतो. पहिल्याला मात्र खर्च नाही, फक्त स्वतःच्या गेमकडे परक्याच्या नजरेने बघावं लागतं. ते पैशापेक्षा अवघड असतं.

'कल्ट ऑफ द लॅम्ब' हा ऑगस्ट 2022 मध्ये आलेला गेम बघा. मेलबर्नच्या 'मॅसिव्ह मॉन्स्टर' या छोट्या स्टुडिओचा. एक गोंडस कोकरू, डोक्यावर लाल मुकुट आणि आजूबाजूला काहीतरी अघोरी चाललंय अशी कळा. या गेममध्ये दोन गोष्टी करायच्या असतात: भक्तांची वस्ती सांभाळायची आणि राक्षसांशी लढायचं. 'गोड' आणि 'भीषण' एकाच चौकटीत आल्यामुळे चित्र बघताच हे मिश्रण कळतं. अशा विचित्र गोष्टी आवडणारा माणूस थांबतो आणि न आवडणारा पुढे जातो. तो पुढे गेला यात तोटा काहीच नाही.

'बालात्रो'ची युक्ती वेगळी. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेला हा पत्त्यांचा गेम कॅनडातल्या एका डेव्हलपरने 'लोकलथंक' या टोपणनावाने बनवला. लाल-निळ्या रंगांचा भोवरा, जुन्या पिक्सेल धाटणीची अक्षरं, पत्ते. कथा नाही, वीर नाही, राक्षस नाही. पण पत्ते दिसतात आणि ते साधे रमीचे पत्ते नाहीत, इथे काहीतरी भोवंडून टाकणारं आहे हेही दिसतं. महिन्याभरात या गेमच्या दहा लाख प्रती गेल्या. त्याचं श्रेय अर्थातच गेमला. चित्राने फक्त योग्य माणसांना दुकानात आणलं.

'योग्य माणसांना' हा शब्द महत्त्वाचा आहे. स्टीमवर खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. थंबनेलमध्ये रक्तरंजित लढाई दाखवली आणि आत संथ कोडी निघाली, तर क्लिक भरपूर येतील, पण पैसेही परत जातील आणि नाराज लोक खाली रिव्ह्यू लिहून जातील. यूट्यूबवर तोंड वासलेला चेहरा आणि लाल बाण लावून व्हिडिओ चालवता येतो, कारण तिथे फसलेल्या माणसाचं पाच मिनिटांपलीकडे काही जात नाही. इथे तो पैसे परत घेऊन जातो.

बँजोवाला आजोबा

चित्र आणि गेम यांचं नातं पूर्वीही सरळ नव्हतं. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी अटारीचे गेम आले, तेव्हा पडद्यावर काही चौकोन हलायचे. खोक्यावर मात्र हाताने रंगवलेली भव्य चित्रं असायची: अंतराळयानं, घोडेस्वार, स्फोट. मुलं खोक्याकडे बघून उरलेला गेम मनात रंगवत. तेव्हा रिफंड नव्हते आणि रिव्ह्यूही फारसे नव्हते, त्यामुळे ते खपून गेलं.

मग 1992 मध्ये अमेरिकेत 'फॅलँक्स' आला. अंतराळात विमान उडवून शत्रूंवर गोळ्या झाडायचा गेम. त्याच्या खोक्यावर मात्र खुर्चीत बसून बँजो वाजवणारा एक दाढीवाला म्हातारा होता. अंतराळयान मागे कुठेतरी लहानसं. ते डिझाइन करणाऱ्यांनी नंतर कारण सांगितलं: दुकानात अशा अंतराळ-गेम्सची रांगच होती आणि सगळी खोकी सारखीच दिसत होती. त्यांना काहीही करून वेगळं दिसायचं होतं. वेगळं ते दिसलंच. जगातल्या विचित्र मुखपृष्ठांच्या याद्यांमध्ये तो आजोबा आजही असतो. त्या म्हाताऱ्याला ओळखणारे पुष्कळ आहेत, त्यातल्या किती जणांनी तो गेम खेळलाय, हा प्रश्न वेगळा.

उलटं उदाहरण 2001 चं. 'इको' या जपानी गेमचे दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः त्याचं मुखपृष्ठ रंगवलं. लांब सावल्या, ओसाड वास्तू, मधे दोन इवल्याशा आकृती. जपान आणि युरोपात हे चित्र वापरलं गेलं. अमेरिकेत गेम आधी आला आणि तिथे दुसरंच मुखपृष्ठ होतं: समोर मोठा केलेला मुलगा, हातात शस्त्र, सरधोपट साहसी गेमसारखं. त्या अमेरिकी मुखपृष्ठावर आजतागायत टीका होते. उएदांचं चित्र श्रेष्ठ आहे यात वाद नाही. पण तेच चित्र 120 पिक्सेल रुंदीच्या चौकटीत टाकलं तर त्या दोन आकृती दिसतील का? बहुधा नाही. ते खोक्यासाठी काढलेलं चित्र होतं. हातात धरून, कलतं करून बघायचं.

सर्वांत लहान माप: 120 बाय 45

स्टीमला एकाच गेमची कितीतरी मापांची चित्रं द्यावी लागतात. आडवं, उभं, मोठ्या बॅनरचं, खरेदीनंतर लायब्ररीत दिसणारं. लायब्ररीतलं उभं चित्र 600 बाय 900 पिक्सेलचं, तर तिथलाच मोठा आडवा पट्टा 3840 बाय 1240 चा. त्या पट्ट्यावर अक्षरं टाकायचीच नाहीत असा नियम आहे, नावाचा लोगो वेगळा द्यायचा असतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते लहान कॅप्सूलकडे. शोधयादीत आणि इतर अनेक याद्यांत तीच दिसते. तिच्यापासून स्टीम आपोआप आणखी लहान आवृत्त्या बनवतं, त्यातली एक 120 बाय 45 पिक्सेलची. टपाल तिकिटाहून फार मोठी नाही. लहान कॅप्सूलमध्ये नावाचा लोगो जवळपास पूर्ण चौकट भरेल इतका मोठा ठेवा, असं व्हॉल्व्ह स्वतःच डेव्हलपरांना सांगतं. तरीही मोठं चित्र जसंच्या तसं आक्रसून टाकणारे कमी नाहीत. मग नायिकेचं नाक, तलवारीचं टोक आणि नावातली दोन अक्षरं यांची खिचडी होते.

अक्षरांचा मुद्दा मराठी वाचकाला नवा वाटू नये. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आठवा. एवढ्याशा चौकोनात नाटकाचं नाव असायचं आणि ते कसं लिहिलंय त्यावरून फार्स आहे, ऐतिहासिक आहे की रहस्यनाट्य, हे तिकीट काढण्याआधी कळायचं. कमल शेडगे यांनी कित्येक नाटकांची शीर्षकं अशी घडवली. फोटोला जागा नसलेल्या चौकोनात अक्षरांनीच चित्राचं काम केलं. आजची लहान कॅप्सूल हाच प्रश्न पुन्हा घालते. देवनागरीत तो थोडा जास्त कठीण आहे. शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. 45 पिक्सेल उंचीत एवढे मजले बसवायचे तर मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान करावं लागतं. मराठी नावाचा गेम करणाऱ्याने नाव ठरवतानाच हे तपासलेलं बरं. जोडाक्षरं आणि उकारांनी भरलेलं लांब नाव तिथे वाचता येणार नाही.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 2020 मधला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' या बाबतीत सुदैवी. मुख्य नाव छोटं, रोमनमध्ये चार अक्षरं. उपशीर्षक मोठ्या चित्रात कामाला येतं, लहानात ते वाचलं जाण्याची अपेक्षाच नसते.

रंगांचंही तसंच. स्टीमच्या पानाची पार्श्वभूमी गडद निळी-करडी आहे. रात्रीचं आकाश आणि निळसर धुकं असलेलं थंबनेल त्यात विरघळून जातं. डेव्हलपर चित्र बघतो ते पांढऱ्या पानावर किंवा पूर्ण स्क्रीनवर, खेळाडू बघतो ते निळ्या पानात आणि इतर वीस चित्रांच्या मधे. म्हणून जाणकार एक साधी चाचणी सांगतात. दुकानाच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, आपलं चित्र त्यातल्या एका चौकटीत डकवायचं, सगळं काळं-पांढरं करायचं आणि दोन पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून बघायचं. आपली चौकट सापडत नसेल तर चित्र बदलायचं.

दुकानदाराने ओरडण्यावर बंदी घातली

2022 पर्यंत थंबनेलची अवस्था आठवडी बाजारासारखी झाली होती. पुरस्कारांची पदकं, '10 पैकी 9' असे गुण, 'आता सवलतीत', 'नवा अपडेट', शिवाय दुसऱ्याच गेमची जाहिरात. 1 सप्टेंबर 2022 पासून व्हॉल्व्हने यावर नियम आणले. मूळ कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक, एवढंच चालेल. गुण, पुरस्कार, सवलतीचा मजकूर, दुसऱ्या उत्पादनाची जाहिरात बंद. मोठा अपडेट आला तर तेवढ्यापुरतं वेगळं चित्र लावता येतं, तेही महिन्याभराच्या आत उतरवायचं. नियम मोडणाऱ्या गेमला दुकानात कमी जागा मिळू शकते.

याचा फायदा कुणाला झाला? कागदावर सगळ्यांना सारखा. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे मिरवायला पुरस्कारच नव्हते, अशा नव्या डेव्हलपरांना जास्त. पण त्याच नियमाने चित्रकाराचं महत्त्वही वाढलं. ओरडता येत नसेल तर दिसणंच चांगलं असावं लागतं.

चांगल्या चित्रकाराला काही शे डॉलर द्यावे लागतात, नावाजलेल्यांना त्याहून बरेच जास्त. भारतातल्या एकट्या डेव्हलपरसाठी ही रक्कम लहान नाही. ती देताना पात्रं, पार्श्वभूमी आणि लोगो वेगवेगळ्या थरांत असलेली मूळ फाइल आणि ती हवी तशी वापरण्याचा लेखी हक्क, हे दोन्ही मागून घ्यावं. कारण एकच चित्र उभं, आडवं आणि अतिरुंद अशा सगळ्या मापांत पुन्हा मांडायचं असतं. सपाट एकसंध चित्र हाती आलं तर प्रत्येक मापासाठी पुन्हा चित्रकाराचं दार ठोठवावं लागतं.

मग एआय का नको? हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो. स्टीमवर त्याला मनाई नाही, पण जानेवारी 2024 पासून एआयचा वापर कुठे केला हे जाहीर करावं लागतं आणि ती माहिती गेमच्या पानावर दिसते. इंडी गेम घेणाऱ्यांमध्ये एआय चित्रांबद्दल राग असणारा मोठा वर्ग आहे. हाताने बनवलेल्या गोष्टीसाठीच ते इथे येतात. थंबनेल एआयचं दिसलं की आतला गेमही तसाच उरकलेला असेल, असा त्यांचा समज होतो. तो समज प्रत्येक वेळी बरोबर असेलच असं नाही. पण एका नजरेच्या सुनावणीत डेव्हलपरला बाजू मांडायला वेळ मिळत नाही.

सगळं काही चित्राच्या हातात नसतं

'अमंग अस' 2018 मध्ये आला. दोन वर्षं तो फारसा कुणाला माहीत नव्हता. 2020 मध्ये, लॉकडाउनच्या काळात, ट्विच आणि यूट्यूबवरचे स्ट्रीमर तो मित्रांसोबत खेळू लागले आणि तो जगभर गेला. थंबनेलने ते केलं नाही. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' 2021 च्या डिसेंबरमध्ये अवघ्या 2.99 डॉलरला आला, तोही तोंडी प्रसिद्धीने आणि व्हिडिओंमधून पसरला. 2023 मध्ये त्याला बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला.

शिवाय नुसते क्लिक वाढले म्हणून स्टीम गेमला वर चढवत नाही. दुकानात पुढे जागा मिळते ती मुख्यतः विक्रीवर, आणि प्रकाशनाआधीच्या 'लवकरच येणारे लोकप्रिय' यादीत विशलिस्टवर. विशलिस्टमध्ये टाकणाऱ्याला गेम आला की ईमेल जातो, 20 टक्के किंवा जास्त सवलत लागली की पुन्हा जातो. चित्राची कामगिरी पानापर्यंत आणून सोडण्याची. पुढे ट्रेलर, स्क्रीनशॉट आणि डेमो.

ती कामगिरी होते की नाही, हे डेव्हलपरला आकड्यांत बघता येतं. चित्र किती वेळा दिसलं आणि किती जणांनी क्लिक केलं, याचा अहवाल स्टीम देतं. गूगल प्ले स्टोअरवर दोन आयकॉन एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करायची सोय आहे. स्टीमवर डेव्हलपर चित्र बदलतात आणि आधीचे-नंतरचे आठवडे ताडून बघतात. त्यात एक फसगत होते. नाव टाइप करून शोधणारा माणूस चित्र कसंही असलं तरी क्लिक करतो. एखाद्या स्ट्रीमरने गेम खेळला की असे शोध वाढतात, टक्केवारी चढते आणि श्रेय नव्या चित्राला जातं. म्हणून आकडे बघताना शोधयादीतून आलेले वेगळे आणि मुखपृष्ठावरून किंवा शिफारशींतून आलेले वेगळे काढावे लागतात. अनोळखी माणूस दुसऱ्या गटात असतो.

एका गेमला नेक्स्ट फेस्टमध्ये एकदाच भाग घेता येतो. त्यामुळे चित्र बदलायचं असेल तर ते जत्रेच्या आधी काही आठवडे बदलून, आकडे बघून, गरज पडल्यास पुन्हा बदलण्याइतका वेळ हाताशी ठेवून करावं लागतं.